दिवाळीच्या तोंडावर अडकलेलं पासबुक : टेम्पररी व्ह्यू लावून स्लो क्वेरी शोधल्याचं प्रकरण

कोल्हापूर-सांगलीकडच्या साठेक गावांतल्या दूध संस्था आमचं वेब सॉफ्टवेअर वापरतात. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून थेट नोंद होतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम लागते, पशुखाद्य आणि उचल कापली जाते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. सभासदाला मोबाईलवर पासबुक दिसतं: तारीख, वेळ, लिटर, फॅट, रक्कम आणि शेवटच्या कॉलमात चालू शिल्लक. ज्याच्या घरात दोन म्हशी आहेत त्याच्यासाठी तो शेवटचा आकडा म्हणजे महिन्याचं सगळं गणित असतं, म्हणून या स्क्रीनकडे आम्ही नेहमी जरा जास्त लक्ष देतो, आणि नेमकी हीच स्क्रीन ऐन दिवाळीच्या आधी, फरक (वर्षभराच्या दुधाच्या दरातला वाढीव पैसा) जमा व्हायच्या आठवड्यात अडकली.

मांडणी थोडक्यात सांगतो. डेटाबेस पोस्टग्रेस १४, वेब जँगो या फ्रेमवर्कमध्ये, डेटाबेसच्या पुढे पीजीबाउन्सर (डेटाबेसची थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा पूलर) ट्रान्झॅक्शन पूलिंग मोडमध्ये, आणि सगळ्यात पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. दूध आणि कपात दोन्हीच्या ओळी एकाच 'नोंदी' टेबलात. त्यावर 'पासबुक' नावाचा व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी), आणि जँगोत त्या व्ह्यूवर एक मॉडेल, ज्याचं मायग्रेशन जँगो स्वतः करत नाही. मोबाईल, सचिवांची स्क्रीन आणि ऑडिटचे रिपोर्ट तिघेही हाच व्ह्यू वाचतात, कारण शिल्लक काढायचं गणित तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं असलं की कधी ना कधी तीन वेगळे आकडे येतात आणि मग गावात भांडण लागतं. व्ह्यू ठेवायचा निर्णय बरोबरच होता, आजही तसंच वाटतं.

पहिला फोन सकाळी सव्वानऊला आला, संकलन संपून लोक घरी पोचतात ती वेळ. "साहेब, पासबुक उघडंना झालंय, नुसतं गोल गोल फिरतंय आणि शेवटी एररची पाटी येतीया, काय तरी बघा की." मी लगेच आमच्या टेस्टच्या संस्थेत पासबुक उघडलं, झटकन आलं, मग नमुन्याला अजून दोन संस्था बघितल्या, त्याही ठीक, म्हणून म्हटलं गावातलं नेटवर्क असेल. इथे अर्धा दिवस गेला. दुपारपर्यंत त्याच संस्थेचे आणखी सात-आठ फोन, आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचेही.

मग डेटाबेसवर पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (आत्ता चालू असलेल्या क्वेऱ्यांची यादी) बघितलं तर एकच क्वेरी सतरा कनेक्शनांवर एकाच वेळी चालू, काही तीन-तीन मिनिटं. एनजिनएक्स मागच्या ॲपच्या उत्तराची वाट डिफॉल्टने ६० सेकंद बघतं, त्यानंतर माणसाला एररची पाटी दाखवतं, पण आत डेटाबेसमध्ये ती क्वेरी चालूच राहते, कारण डेटाबेसला कुणी सांगितलेलंच नसतं की आता हे उत्तर कुणाला नकोय. माणूस रिफ्रेश मारतो, आणखी एक तशीच क्वेरी सुरू होते, डिस्क आणखी भरडली जाते, आधीच्या सगळ्या अजून हळू होतात. म्हणजे एकटी चालली तर १९ सेकंद लागणारी क्वेरी गर्दीत मिनिटाच्या पुढे जायची, आणि मिनिटाच्या पुढे गेली की गर्दी अजून वाढायची. हे चक्र तोडायला आधी ॲपच्या रोलला (डेटाबेसमधल्या युजरला) २५ सेकंदांचा स्टेटमेंट टाइमआउट लावला आणि पूलरची जुनी कनेक्शनं बदलून घेतली, कारण रोलवरची सेटिंग नव्या कनेक्शनलाच लागू होते. त्याने सर्व्हर श्वास घ्यायला लागला, पण मोठ्या संस्थांचं पासबुक उघडायला अजूनही १९-२० सेकंद लागत होते आणि सकाळच्या गर्दीत तेही टाइमआउटमध्ये कापलं जायचं.

आता खरं शोधकाम. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (प्रत्येक क्वेरीला किती वेळ लागला ते मोजणारं एक्स्टेन्शन) आधीपासून चालू होतं, त्यात या क्वेरीचा सरासरी वेळ दिसला १.४ सेकंद. याच आकड्याने आम्हाला कित्येक आठवडे गाफील ठेवलं होतं. शेजारच्या कॉलमात कमाल वेळ बघितला तर सत्तर सेकंदांच्या वर. हे एक्स्टेन्शन क्वेरीतले आकडे काढून त्या जागी डॉलर एक, डॉलर दोन अशी खूण ठेवतं आणि सगळ्या संस्थांच्या क्वेऱ्या एकाच ओळीत जमा करतं, त्यामुळे शंभर सभासदांच्या पन्नासेक संस्थांच्या झटपट क्वेऱ्यांत तीन मोठ्या संस्थांचं दुखणं विरघळून जातं. सरासरी बघून स्लो क्वेरी शोधू नका, कमाल आणि स्टँडर्ड डेव्हिएशन हे दोन कॉलम आधी बघा, ते तिथेच शेजारी असतात. मग लॉगमध्ये ५ सेकंदांच्या वरच्या क्वेऱ्या पॅरामीटरसकट लिहायला लावल्या, तासाभरात यादी आली, आणि त्या यादीत फक्त तीन संस्थांचे नंबर होते. तिन्ही हजाराच्या वर सभासदांच्या.

इथे मला पहिल्यांदा नीट प्रश्न पडला. पासबुक एका सभासदाचं असतं. मोठ्या संस्थेतला सभासद काही जास्त वेळा दूध घालत नाही, दिवसाला दोन नोंदी म्हणजे वर्षाला ७३०, तीन वर्षांच्या २१९०, आणि वर थोड्या कपातीच्या. लहान गाव असो की मोठं, ओळी तेवढ्याच. मग संस्थेच्या आकाराप्रमाणे वेळ का वाढतो? याचा अर्थ एकच निघत होता, की एका माणसाचं पासबुक काढायला डेटाबेस अख्ख्या संस्थेच्या नोंदी वाचतोय.

माझा जोडीदार म्हणाला इंडेक्स नसेल. इंडेक्स होता, संस्था, सभासद, तारीख, वेळ या क्रमाने, तरी त्याने नुसत्या सभासदावर अजून एक कॉन्करंट पद्धतीने लावून बघितला, काडीचा फरक नाही, तो परत काढला. मग मी माझ्या सेशनपुरता वर्क मेम (सॉर्टसाठी मिळणारी मेमरी) ४ एमबीवरून २५६ केला, वेळ १९ वरून ११ वर आला. मोह झाला तसंच सोडायचा, पण वर्क मेम एका सर्व्हरला एकदा लागत नाही, प्रत्येक सेशनच्या प्रत्येक सॉर्टला वेगळा लागतो. आमचं मशीन १६ जीबीचं, सकाळी सतरा लोक एकत्र आले आणि प्रत्येकाने दोन सॉर्ट केले तर हिशोब तुम्हीच करा. ते नाही केलं.

एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ, बफर्स लावून (म्हणजे क्वेरी चालवून तिचा प्लॅन आणि वाचलेली पानं दाखवणारी आज्ञा), मोठ्या संस्थेतल्या एका सभासदावर चालवलं. प्लॅन वाचताना लोक वेळेच्या आकड्यांकडे बघतात, मी सांगेन की आधी 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर', म्हणजे वाचून टाकून दिलेल्या ओळी, शोधा. सगळ्यात वर सबक्वेरी स्कॅन, त्याच्याखाली फिल्टर म्हणून सभासद नंबरची अट, आणि त्याखाली ती ओळ, फिल्टरने टाकून दिलेल्या ओळी २६ लाखांच्या वर. त्या संस्थेत १२०० सभासद, गुणिले २१९०, म्हणजे २६ लाख २८ हजार. म्हणजे आत सगळी संस्था वाचली, लावली, मोजली, आणि बाहेर आल्यावर एका माणसाच्या ओळी ठेवून बाकी फेकल्या. मध्ये दोन सॉर्ट, दोन्हीपुढे 'एक्स्टर्नल मर्ज, डिस्क', म्हणजे मेमरीत न मावल्यामुळे डिस्कवर सांडलेले. सगळ्यात खाली इंडेक्सला अट लागली होती, पण फक्त संस्थेची. संस्था आत पोचली, सभासद दारातच थांबला.

का थांबला हे शोधायला व्ह्यू उलगडून बघायला हवा होता, आणि टेम्पररी व्ह्यू खरा इथे कामाला आला. व्ह्यू म्हणजे साठवलेला डेटा नव्हे, साठवलेली क्वेरी, तुम्ही व्ह्यूवर सिलेक्ट केलं की पोस्टग्रेस तिची व्याख्या तुमच्या क्वेरीत उघडतं आणि मग प्लॅन करतं. टेम्पररी व्ह्यूही तसाच, फक्त तुमच्या सेशनपुरता जगतो आणि सेशन संपलं की आपोआप जातो. पूर्वी असं काही शोधायचं असलं की मी टेम्पररी टेबल करायचो, मधला डेटा त्यात ओतायचो आणि त्यावर खेळायचो, पण त्यात दुखणंच नाहीसं होतं: टेबल झालं की मधली पायरी गोठते, त्याची आकडेवारी वेगळी (आणि टेम्पररी टेबलाला ऑटोव्हॅक्यूम हात लावत नाही, अ‍ॅनालाइझ हाताने करावं लागतं), प्लॅन वेगळा, सगळं झटपट चालतं आणि आपण डोकं खाजवत बसतो. टेम्पररी व्ह्यूत मूळ टेबलं तीच, इंडेक्स तेच, आकडेवारी तीच, फक्त व्याख्या मला हवी तशी बदलता येते.

आणि एक फार उपयोगी गोष्ट. पोस्टग्रेस नाव शोधताना टेबल आणि व्ह्यूंसाठी आधी सेशनची टेम्पररी स्कीमा (नावांचा कप्पा) बघतं, मग पब्लिक. त्यामुळे मी 'पासबुक' याच नावाचा टेम्पररी व्ह्यू केला तर माझ्या सेशनमध्ये मूळ पासबुक त्याच्यामागे झाकलं जातं. जँगोने बनवलेली क्वेरी लॉगमधून उचलायची, तिच्यात एक अक्षरही न बदलता चालवायची, ती आपोआप माझ्या नव्या व्ह्यूवर जाते, कारण जँगो टेबलाच्या नावापुढे स्कीमा लिहीत नाही. मूळ व्ह्यूला धक्का नाही, बाकीच्यांना पत्ता नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आधी रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या प्रतीवर, करायला गेलो, म्हणजे लाइव्हला त्रास नको. तिथे टेम्पररी व्ह्यूही बनत नाही, कारण व्ह्यू बनवणं म्हणजे कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या यादीत) लिहिणं आणि रेप्लिका फक्त वाचण्यासाठी. म्हणून मुख्य डेटाबेसवर आलो, आणि ॲप ज्या वाटेने जातं त्याच वाटेने जावं म्हणून ॲपच्याच युजरने, पूलरच्या ६४३२ पोर्टवरून. हीच माझी चूक, आणि ती लहान नव्हती.

संध्याकाळचे साडेसात. मला फक्त एवढं सिद्ध करायचं होतं की सभासदाची अट आत गेली तर क्वेरी झटपट होते, म्हणून मी टेम्पररी 'पासबुक' केला आणि त्याच्या पोटातच एका सभासदाचा नंबर हाताने लिहिला. एक्सप्लेन चालवलं, १२ मिलिसेकंद. पुन्हा चालवलं, १९ सेकंद. पुन्हा, १९. पुन्हा, १२. मला वाटलं कॅश, मग वाटलं दुसरं कुणीतरी डिस्क दाबतंय, पंधरा-वीस मिनिटं मी याच विचारात होतो, आणि तेवढ्यात फोन सुरू झाले. वेगवेगळ्या संस्थांचे, लहान-मोठ्या सगळ्याच. पासबुक कोरं दिसतंय, शिल्लक नाही, नोंद नाही, रिफ्रेश केलं की परत येतं, परत एकदा केलं की जातं. एक सचिव म्हणाले, "साहेब, दारात वीस माणसं उभी हायत, म्हणत्यात आमचा फरक कुणी खाल्ला."

झालं असं होतं. ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये तुमचं कनेक्शन पूलरशी असतं, डेटाबेसशी नसतं. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला पूलर आपल्याकडच्या मोकळ्या कनेक्शनांतलं एक देतो आणि ती संपली की काढून दुसऱ्याला देतो, आणि मी बिगिन न लिहिता एकेक ओळ चालवत होतो म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ट्रान्झॅक्शन. माझा टेम्पररी व्ह्यू वीसपैकी एका डेटाबेस कनेक्शनवर बनला आणि तिथेच राहिला, कारण डेटाबेसच्या लेखी ते सेशन संपलेलंच नव्हतं, आणि या मोडमध्ये पूलर डिफॉल्टने मधल्या मध्ये सेशन साफ करत नाही. माझी पुढची ओळ त्या कनेक्शनवर पडली तर १२ मिलिसेकंद, दुसऱ्यावर पडली तर मूळ व्ह्यू आणि १९ सेकंद. आणि कुणा सभासदाची विनंती त्या कनेक्शनवर पडली की त्याच्यासमोर माझा व्ह्यू यायचा, ज्याच्या पोटात दुसऱ्याच सभासदाचा नंबर, दोन्ही अटी मिळून शून्य ओळी, कोरं पासबुक. नशीब एवढंच की कुणाला दुसऱ्याचा हिशोब दिसला नाही. डिफॉल्टने पूलर सर्व्हर कनेक्शन तासभर ठेवतो, म्हणजे काही न करता बसलो असतो तर तासभर हे चाललं असतं.

कॅटलॉगमध्ये टेम्पररी स्कीमातले व्ह्यू शोधले (पीजी क्लासमध्ये दुसऱ्या सेशनचे टेम्पररी व्ह्यूही नावाने दिसतात, फक्त पर्सिस्टन्सचा कॉलम 'टी' असलेले गाळून घ्यायचे), एकच सापडला, माझा. पूलरच्या अ‍ॅडमिन कन्सोलवरून रिकनेक्ट दिलं, जुनी कनेक्शनं काम संपेल तशी बंद झाली, दोन मिनिटांत सगळं जागेवर. मग मी स्वतः सगळ्या सचिवांना फोन केले, की कुणाचा एक रुपयाही हललेला नाही, नोंदी जशाच्या तशा आहेत, दाखवण्यात चूक झाली आणि ती माझ्याकडून झाली. त्यातले बरेच जण समजुतीने बोलले. पण त्या वीस माणसांच्या मनात काय आलं असेल ते मला अजून लागतं, वर्षभर पहाटे उठून घातलेल्या दुधाचा पैसा तो.

त्या रात्रीच दोन गोष्टी पक्क्या केल्या. ॲपच्या रोलकडून आणि पब्लिककडून या डेटाबेसवर टेम्पररी वस्तू बनवायचा अधिकार काढून घेतला, तो डिफॉल्टने सगळ्यांना असतो आणि आमच्या ॲपला त्याची गरजच नव्हती. आणि शोधकामासाठी वेगळा रोल, थेट ५४३२ वरून, पूलर मध्ये नाही, आणि प्रत्येक प्रयोग बिगिनने सुरू आणि रोलबॅकने बंद. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू बनवणंही ट्रान्झॅक्शनच्या आत येतं, रोलबॅक केलं की व्ह्यू झालाच नव्हता. फक्त बिगिन करून चहाला जाऊ नका, उघड्या ट्रान्झॅक्शनचं हलकं कुलूप टेबलावर राहतं आणि तेवढ्यात कुणी मायग्रेशन चालवलं तर ते मागे अडकतं आणि त्याच्यामागे सगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर नीट बसलो. पासबुक व्ह्यूची व्याख्या काढली आणि एकेक थर लावत गेलो. पहिल्या प्रयोगात नुसत्या नोंदी आणि सभासदांचा जॉइन, चालू शिल्लक नाही, काही नाही: सभासदाची अट थेट इंडेक्सपर्यंत गेली, दोन हजारांवर ओळी, झटपट. रोलबॅक. दुसऱ्यात चालू शिल्लक जोडली, म्हणजे विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून गटातल्या इतर ओळींवरून आकडा काढणारं), रकमेची बेरीज, पार्टिशन म्हणजे गट संस्था आणि सभासदावर, क्रम तारीख-वेळेचा. माझा संशय इथेच होता, खरं सांगायचं तर माझी पैज होती की विंडो फंक्शन आलं की अट आत जात नाही. पण अट गेली! झटपटच. रोलबॅक. तिसऱ्यात शेवटचा कॉलम जोडला, आणि प्लॅन उलटला, २६ लाख, डिस्कवर दोन सॉर्ट, १९ सेकंद.

तो शेवटचा कॉलम होता 'फॅट क्रमांक'. संस्थेत त्या दिवशी त्या वेळेला सगळ्यात जास्त फॅट कुणाची हे दाखवणारा रँक, पार्टिशन संस्था, तारीख, वेळ यावर. ऑगस्टमध्ये काही संस्थांनी मागितला होता, संकलन केंद्रात टीव्हीवर दाखवायला, आणि छान गोष्ट आहे ती, लोक त्यावरून आपल्या जनावराच्या खुराकाकडे बघायला लागले. जोडीदाराने तो आहे त्या व्ह्यूच्या शेवटी जोडला, कारण क्रिएट ऑर रिप्लेसने व्ह्यूच्या शेवटी कॉलम वाढवता येतो, काढता किंवा मधे घालता येत नाही, म्हणून शेवटी जोडणं हीच सगळ्यात सोपी वाट होती. रिव्ह्यू मी केला होता, आणि मलाही त्यात काही दिसलं नव्हतं.

नियम असा आहे, आणि तो व्ह्यू वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. विंडो फंक्शन असलेल्या सबक्वेरीत बाहेरची अट आत ढकलायची असेल तर त्या अटीचा कॉलम पार्टिशनमध्ये असायला हवा, आणि एका नाही तर त्या सबक्वेरीतल्या प्रत्येक विंडोच्या पार्टिशनमध्ये. कारण साधं आहे. सभासद क्रमांक ४२ ची शिल्लक काढायला ४३ च्या नोंदी लागत नाहीत, त्या आधीच गाळल्या तरी उत्तर तेच येतं. पण फॅटमध्ये ४२ चा कितवा नंबर हे काढायला बाकी सगळे लागतात, त्यांना आधीच काढून टाकलं तर प्रत्येक जण पहिला येईल. डेटाबेस इथे बरोबर वागत होता, उत्तर चुकू नये म्हणून थांबत होता. संस्था दोन्ही पार्टिशनमध्ये होती म्हणून संस्थेची अट आत गेली, सभासद एकातच होता म्हणून बाहेर राहिला. लहान संस्थांना का कळलं नाही आणि मोठ्या तिघींना का कळलं, सगळं या एका गोष्टीत बसलं.

जोडीदार म्हणाला, मोबाईलच्या स्क्रीनवर तो कॉलम आपण दाखवतच नाही, मग क्वेरीतून वगळू. जँगो डिफॉल्टने मॉडेलचे सगळे कॉलम मागतं, म्हणून त्याने हवे तेवढेच मागून बघितले. एक सॉर्ट कमी झाला, वेळ थोडा उतरला, पण २६ लाख ओळी तशाच. कारण अट आत ढकलायची की नाही हे प्लॅनर व्ह्यूच्या व्याख्येतल्या विंडो बघून ठरवतो, आणि न मागितलेले कॉलम त्यानंतर काढून टाकतो. तोवर अटीचा निकाल लागलेला असतो. हे मलाही त्या दिवशीच डोळ्यांनी दिसलं.

दुरुस्ती म्हणजे रँक वेगळ्या व्ह्यूत. 'फॅट क्रमांक' नावाचा नवा व्ह्यू, टीव्हीच्या स्क्रीनवर नेहमी संस्था, तारीख आणि वेळ दिलेली असते आणि तिन्ही त्याच्या पार्टिशनमध्ये आहेत, म्हणजे अटी आत जातात आणि एका वेळच्या बाराशेच ओळी वाचल्या जातात. मूळ पासबुकमधून कॉलम काढायचा तर ड्रॉप करावं लागलं असतं आणि त्यावर उभे असलेले बिलाचे आणि ऑडिटचे व्ह्यूही त्याच्याबरोबर, दिवाळीच्या आठवड्यात ते नको होतं. म्हणून क्रिएट ऑर रिप्लेस करताना रँकच्या जागी त्याच टाइपचा, म्हणजे बिगइंटचा, नल ठेवला. कॉलम जागेवर, आतली विंडो गायब.

लाइव्हला लावायच्या आधी बिलाचा व्ह्यूही तपासायचा होता, तो पासबुकवर उभा आहे. इथे टेम्पररी व्ह्यूची आणखी एक बाजू कळली. मी टेम्पररी 'पासबुक' केला आणि बिलाची क्वेरी चालवली, फरक शून्य. कारण बिलाच्या व्ह्यूने पासबुकचं नाव लक्षात ठेवलेलं नसतं, बनतानाच त्याचा आतला ओळख क्रमांक धरलेला असतो, नावाने झाकलं तरी तो मूळलाच जाऊन भिडतो. म्हणून बिलाच्या व्ह्यूचीही टेम्पररी प्रत करावी लागते. आणि ती व्याख्या पासबुक झाकायच्या आधी काढून ठेवायची. नंतर काढली तर पोस्टग्रेस त्यात 'पब्लिक डॉट पासबुक' असं लिहून देतं, कारण नुसतं नाव आता दुसऱ्याला लागतं हे त्याला माहीत असतं, आणि मग तुमची प्रतही मूळ व्ह्यूकडेच जाते. माझा यात एक तास गेला, तुमचा जाऊ नये.

ज्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे त्यांच्याकडे टेम्पररी व्ह्यू हा प्रकारच नाही, तिथे वेगळ्या नावाचा साधा व्ह्यू करून नंतर ड्रॉप करावा लागेल. दुखणं मात्र तिथेही याच जातीचं असतं, विंडो किंवा ग्रुप बाय असलेला व्ह्यू बाहेरच्या क्वेरीत मिसळत नाही, आतला भाग आधी वेगळा काढला जातो, आणि अट आत ढकलायची सोय ८.०.२२ पासून, म्हणजे २०२० पासून आली. जुन्या व्हर्जनवर असाल तर ते आधी बघा. पोस्टग्रेसमध्ये ११ पर्यंत विथ लावून (आतली क्वेरी आधी नाव देऊन) लिहिलेल्या क्वेरीतही बाहेरची अट आत जात नसे, १२ पासून ती एकदाच वापरली असेल तर जाते. जुन्या पोस्टग्रेसवरून आलेल्या रिपोर्टमध्ये हे हमखास सापडतं.

दुरुस्ती दुपारी दीडला लावली, दूध नसतं ती वेळ. मोठ्या संस्थेचं पासबुक १९ सेकंदांवरून ३० मिलिसेकंदांच्या आत आलं. पण मी बफर्सकडे बघत होतो, आणि तिथे अजून एक गोष्ट होती. ज्याचं पासबुक सकाळपासून कुणी उघडलेलं नाही अशा सभासदाचं पहिल्यांदा उघडताना पाऊण सेकंद लागायचा, दुसऱ्यांदा लगेच. नोंदी तारखेच्या क्रमाने टेबलात पडतात, त्यामुळे एका सभासदाच्या २१९० ओळी जवळजवळ तेवढ्याच वेगवेगळ्या पानांवर पसरलेल्या असतात, इंडेक्स पत्ता लगेच देतो पण पानं एकेक करून डिस्कवरून आणावी लागतात. आणि हे दरवर्षी ७३० पानांनी वाढणार.

यावर उपाय आम्हाला एका संस्थेच्या जुन्या हिशेबनीसांनी सुचवला, डेटाबेसबद्दल काही माहीत नसताना. ते म्हणाले, वहीत आम्ही ३१ मार्चला शिल्लक ओढतो आणि १ एप्रिलला आरंभीची शिल्लक लिहून नवीन पान सुरू करतो, मागची वही कोण चाळत बसतंय. आमचा व्ह्यू मात्र रोज पहिल्या दिवसापासूनची वही चाळत होता. आता आरंभीच्या शिलकेचं टेबल केलंय, वर्ष बंद झालं की सभासदागणिक एक ओळ पडते, आणि पासबुक व्ह्यू ती ओळ घेऊन चालू वर्षाच्याच नोंदींची बेरीज करतो, जास्तीत जास्त ७३० आणि कपाती. हे मार्चअखेरीच्या बंद वेळेत लावलं, तेव्हाच तो नल ठेवलेला कॉलम काढला आणि बिलाचे, ऑडिटचे व्ह्यू नव्याने बांधले, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि कमिट करायच्या आधी तिन्ही मोठ्या संस्थांतल्या प्रत्येक सभासदाची जुनी शिल्लक आणि नवी शिल्लक शेजारी शेजारी लावून पैशापर्यंत जुळवून घेतली.